भाई वैद्य, तस्कर आणि तीन लाख रुपये

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे नातेपुते २०२१ साली शहर झाले. म्हणजे शासनाच्या कागदावर झाले. ग्रामपंचायतीची पाटी उतरली, नगरपंचायतीची चढली. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले. वॉर्डांचे सतरा प्रभाग झाले आणि २०२१ च्या डिसेंबरात व २०२२ च्या जानेवारीत मिळून पहिली निवडणूकही पार पडली. आमची आजी मात्र अजून 'पंचायतीत जाऊन ये' असेच सांगते. माउलींची पालखी मुक्कामाला येते त्या एका रात्री गाव खरोखर शहराएवढे फुगते. दुसऱ्या दिवशी पालखी माळशिरसकडे निघाली, की पुन्हा आपले जिथल्या तिथे.

शहराविषयी आमच्या घरात एकच मत आहे : 'शहरात गेलं की माणूस बिघडतो.' आजीचे हे मत, अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, हेच मत आणि ज्या चुलत्यांनी पुण्यात वीस वर्षे रिक्षा चालवली त्यांचेही हेच मत. आता आपणच शहर झालो, तेव्हा या मताचे काय करायचे असा मला प्रश्न पडला. राज्यशास्त्राच्या तासाला नागरी स्थानिक शासनाचा भाग चालू असताना सरांनी पुण्याचे माजी महापौर भाई वैद्य यांची एक हकीकत सांगितली. ती काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून ग्रंथालयात बसून मिळेल ते वाचले आणि हा लेख लिहिण्याचे धाडस केले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. काही चुकले-माकले असल्यास गुरुजनांनी सांभाळून घ्यावे.

'शहर बिघडले' असे आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एक म्हणजे शहराचे पोट रिकामे होणे. याला आपल्या सोलापूरचेच उदाहरण आहे. १८७७ च्या सुमारास तेथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. तिच्यामागून नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आल्या. गिरणीच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावीत, असे म्हातारी माणसे सांगतात. जुनी गिरणी १९६० नंतरच्या दशकात बंद पडली. सोलापूरची महानगरपालिकाही १९६४ मधलीच. म्हणजे शहराचा दर्जा वाढला आणि पोट खपाटीला गेले, हे दोन्ही एकाच सुमारास घडले. लक्ष्मी-विष्णू १९९० नंतरच्या दशकात बंद झाली. यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल राहिले; भोंगा गेला. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी या शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला होता, तो १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आला. इतक्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाला आपल्या जिल्ह्याच्या गावाचा अभ्यास करावासा वाटला, याचा मला अभिमान वाटला हे येथे कबूल करते.

पण पुण्याचे काय? तेथे पोट रिकामे नाही. १९७१ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती एकतीस लाखांवर गेली. २०१७ मध्ये अकरा गावे आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली. आमच्या भागातली पोरे चाकणच्या कारखान्यांत जातात, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या नावाने सदाशिव पेठेत खोली घेतात. काम आहे, पैसा आहे. तरीही चुलते म्हणतात, पुणे बिघडले. पाण्याला टँकर, चालायला पदपथ नाही, जिथे नाला होता तिथे इमारत. तेव्हा भूक हे सगळ्या बिघाडाचे कारण नव्हे. दुसरे काहीतरी आहे, आणि ते समजून घ्यायला मला भाई वैद्यांचा उपयोग झाला.

भालचंद्र सदाशिव वैद्य यांचा जन्म २२ जून १९२८ रोजी पुणे जिल्ह्यात वेल्हे तालुक्यातील दापोडे या गावी झाला. म्हणजे तेही खेड्यातलेच. १९४२ च्या आंदोलनात ते शाळकरी वयात उतरले. पुढे गोवामुक्तीचा आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा, आणि आयुष्यभर समाजवादी चळवळ. १९७४-७५ मध्ये ते पुण्याचे महापौर होते. १९७८ ते ८० या काळात पुलोद सरकारात गृहराज्यमंत्री होते. १९८३ मध्ये चंद्रशेखर यांच्या कन्याकुमारी ते दिल्ली पदयात्रेत ते चालले. २ एप्रिल २०१८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची मते त्यांच्या भाषणांतून काढता येतीलच. पण मला ती त्यांनी केलेल्या तीन-चार गोष्टींतून अधिक स्पष्ट दिसतात.

प्रथम महापौर म्हणजे काय ते पाहू. आम्हा विद्यार्थ्यांचा समज असा होता, की महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. सरांनी विचारले तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांनी तसेच उत्तर दिले; मीही दिले. वस्तुस्थिती उलट आहे. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यानुसार कारभाराचा अधिकार आयुक्ताकडे असतो आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. मोठ्या खर्चाच्या निविदा मंजूर करते स्थायी समिती. महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, मते समसमान पडली तर निर्णायक मत देतो, पाहुण्यांचे स्वागत करतो. शहराचा प्रथम नागरिक खरा; परंतु नळाला पाणी का आले नाही म्हणून त्याला जाब विचारला, तर तो प्रामाणिकपणे सांगू शकतो की चावी माझ्या हातात नाही. १९९८ मध्ये मुंबईत महापौरांच्या मंडळाला मंत्रिमंडळासारखे अधिकार देऊन पाहिले होते. वर्षभरातच तो प्रयोग गुंडाळला गेला.

याहून बोलका पुरावा आपण नुकताच पाहिला. मार्च २०२२ मध्ये पुणे, सोलापूर, मुंबई अशा महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत जवळजवळ चार वर्षे तेथे प्रशासकांनी कारभार केला. चार वर्षे महापौर नाही, नगरसेवक नाहीत. मी चुलत्यांना विचारले, काय फरक पडला? ते म्हणाले, "चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स कमी झाले." मला हसू आले. मग वाटले, यात हसण्यासारखे काय आहे? ज्याला आपण मत देतो तो नसला तरी आपल्याला कळत नाही, आणि ज्याच्या हाती चावी आहे त्याला आपण मत देत नाही. अशा घरात चोरी झाली तर धरायचे कोणाला? एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. माझ्या समजुतीप्रमाणे शहराच्या बिघाडाचे पहिले मूळ हे आहे.

मग अधिकार नसलेल्या माणसाने करायचे काय? त्याच्याकडे आवाज तर असतो. याच पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले १८७६ नंतर काही वर्षे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यायचे म्हणून शहर शृंगारण्यासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. बत्तीस सभासदांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईची मोठी इमारत बांधण्यालाही त्यांचा विरोध होता. आज ती मंडई महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते! नाव देऊन मत विसरण्याची आपली रीत जुनीच आहे. असो.

भाईंनी हा आवाज वापरला तो जून १९७५ मध्ये. आणीबाणी पुकारली गेली तेव्हा शहराचा प्रथम नागरिक सत्कार-समारंभात न रमता निषेधाच्या मोर्चाच्या अग्रभागी चालला. पुढे मिसाखाली एकोणीस महिने त्यांना तुरुंगात काढावे लागले. पद जाणार, स्वातंत्र्यही जाणार, हे त्यांना कळत नसेल असे नाही. ज्या पदाला कायद्याने जवळजवळ काही दिले नाही, त्या पदाला एवढी किंमत आणता येते, हे मला नवे होते.

आता सरांनी सांगितलेली ती हकीकत. भाई गृहराज्यमंत्री असताना एका तस्कराने त्यांना तीन लाख रुपये देऊ केले. भाईंनी ते नाकारले, एवढेच असते तर ती एक चांगल्या माणसाची गोष्ट झाली असती. भाईंनी सापळा रचून त्याला पकडून दिले. माझे सारे लक्ष या दुसऱ्या वाक्यावर खिळले आहे.

तीन लाख म्हणजे तेव्हा किती? त्या वर्षांत दहा ग्रॅम सोन्याचा भाव हजार रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सुमारे तीन किलो सोने. आजच्या भावाने हिशेब ज्याचा त्याने करावा. आणि तस्कराला एवढे पैसे परवडत कसे? कारण सरकारने १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या व्यवहारावर कडक बंधने घातली होती. बाहेर सोने स्वस्त, आत महाग. दुबईकडून गलबतातून आणायचे, कोकणच्या किनाऱ्यावर उतरवायचे आणि मुंबईत विकायचे. मधल्या फरकात सगळ्यांचे हात ओले होत. मुंबईत या पैशावर माणसे मोठी झाली, त्यांच्यावर चित्रपट निघाले. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणतात त्याप्रमाणे बंदी जितकी आंधळी, तितका चोरवाटेचा दर जास्त. हे मला पटते. पण कायदा रद्द झाला तरी चोरवाट बुजली नाही. वाट तीच, रात्री दिवा दाखवणारी माणसे तीच आणि डोळेझाक करण्याची सवयही तीच.

या सवयीचे पुढे काय झाले? १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे माल उतरला. या वेळी त्यात सोने-चांदी नव्हती. शस्त्रे होती, आरडीएक्स होते. वाटेत अडवणारे कस्टम्सचे आणि पोलिसांचे लोक होते. पैसे घेऊन त्यांनी माल पुढे जाऊ दिला. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. पुढे टाडा न्यायालयाने जे शंभर आरोपी दोषी ठरवले, त्यांत कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही होते. पैसे घेताना पेट्यांत काय आहे हे त्यांना ठाऊक असो वा नसो. विचारायचे नाही, याचेच तर ते पैसे असतात. त्याच वर्षी सरकारने वोरा समिती नेमली. गुन्हेगार, राजकारणी आणि अधिकारी यांचे साटेलोटे कसे जमले आहे, हे तिने आपल्या अहवालात मांडले.

हे वाचल्यापासून मला तीन लाख रुपयांकडे निराळ्या नजरेने पाहावेसे वाटते. आपण भ्रष्टाचार म्हटले की पैशाचे नुकसान मोजतो. रस्ता दहा लाखांचा, झाला सहा लाखांचा, चार लाख खाल्ले. परंतु लाच म्हणजे पैसे देऊन एक दार उघडे ठेवून घेणे. त्या दारातून आज सोने येईल, उद्या काय येईल हे दार उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही. गृहराज्यमंत्र्याने ते दार एकदा तरी सर्वांसमक्ष लावले. कायमचे लागले नाही, हे खरे.

भाईंच्या त्याच मंत्रिपदाच्या काळातली आणखी एक गोष्ट सांगितली जाते. जुन्या चित्रपटांत हवालदार अर्ध्या चड्डीत दिसतात; महाराष्ट्रातल्या पोलीस शिपायांची अर्धी चड्डी जाऊन पूर्ण विजार आली ती भाईंमुळे. वर्गात हे सांगितले तेव्हा मुले हसली. मी हसले नाही. पन्नाशीच्या माणसाला अर्ध्या चड्डीत उभे करून वर त्याच्याकडून ताठ मानेची अपेक्षा करायची, यात काहीतरी चुकत होते, आणि ते एका मंत्र्याला दिसले. लाच पकडून देणारा आणि शिपायाला विजार देणारा माणूस एकच आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

येथे मला घरची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. महाविद्यालयाच्या प्रवेशाला एक दाखला हवा होता. कोणत्या गावची कोणती कचेरी ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. अण्णा तीन वेळा गेले. अण्णांची हमाली रोजावर. एक खेप म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. चौथ्या वेळी तेथल्या एकाने चहापाण्याचे काय ते बघा म्हणून सुचवले. अण्णांनी दोनशे रुपये दिले. संध्याकाळी दाखला हातात. घरी आल्यावर मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "अण्णा, दिले कशाला? तक्रार करायची." अण्णा म्हणाले, "तीन रोज बुडाले, बाई. चौथा बुडवू का तुझ्या प्रवेशाची तारीख बुडवू?" मला उत्तर देता आले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार धरणारे कलम १६५-अ हे १९५२ मध्येच दंडसंहितेत आले होते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातच लाच देणे हा गुन्हा झाला. ज्याच्यावर सक्ती झाली त्याला सूट आहे. पण त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे कळवले पाहिजे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. अण्णांना यातले काही माहीत नव्हते, मलाही नव्हते. सात दिवस केव्हाच उलटले होते. म्हणजे पुस्तकाच्या हिशेबाने माझे वडील आणि तीन लाखवाला तस्कर एकाच रांगेत बसतात. ही रांग चुकीची आहे, असे माझे मन सांगते. तस्कर कायदा मोडण्यासाठी पैसे देत होता. अण्णांनी कायद्याने जे मिळायचे तेच मिळावे म्हणून दिले. पण मन सांगते म्हणून फरक सिद्ध होत नाही. कारण त्या टेबलामागच्या माणसाला सवय लागते ती अशा दोनशे-दोनशे रुपयांनीच. तीन लाखांपर्यंत कोणी एकदम पोचत नाही.

यावर माझ्या एका मैत्रिणीशी वाद झाला. तिचे म्हणणे असे, की भाई वैद्यांचे कौतुक काय करायचे? ते गृहखात्याचे मंत्री. पोलीस त्यांच्या एका शब्दावर हजर. तुझ्या वडिलांनी सापळा लावायचा म्हटला असता तर? तिचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मंत्र्याला दाखल्यासाठी रोज बुडवावा लागत नाही. पण उरलेले अर्धे असे, की त्याच गृहखात्यात अनेक मंत्री आले आणि गेले. पोलीस त्यांच्याही शब्दावर हजर होतेच. लाच देऊ करणाऱ्याला पकडून दिले म्हणून किती जणांचे नाव आपल्याला सांगता येते? शिवाय, चांगला माणूस आला की सगळे ठीक होईल, असेही मी म्हणत नाही. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले, भाईंचे मंत्रिपद गेले आणि किनाऱ्यावर गलबते लागतच राहिली. माणूस बदलला की संपते, अशी व्यवस्था काय कामाची?

भाईंनी नंतरच्या आयुष्यात शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला. बालवाडीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत सर्वांना मोफत आणि समान शिक्षण मिळावे, शिक्षणाचा बाजार बंद व्हावा, या मागणीसाठी ते ऐंशी वर्षांच्या पुढेही सभा घेत हिंडले. माजी महापौराने शहर सोडून शाळेच्या मागे का लागावे, हे मला सुरुवातीला कळले नव्हते. आता माझ्यापुरते कळते. लाखो रुपये भरून जो पदवी घेतो, आणखी काही लाख मोजून जो नोकरीला चिकटतो, तो खुर्चीवर बसला की आधी भांडवल वसूल करतो. अण्णांचे दोनशे रुपये कोणाच्या तरी त्या हप्त्यात जमा झाले असतील.

आजीच्या मताचे मी काय केले, ते सांगायचे राहिले. मी तिला म्हणाले, शहर माणसाला बिघडवत नाही; ओळख नसलेल्या माणसाशी कागदावर व्यवहार सुरू झाला की बिघाडाला जागा मिळते. गावात सरपंच चुकला तर त्याच्या ओट्यावर जाऊन त्याच्या आईला सांगता येत होते. नगरपंचायतीला आई नसते. आजी म्हणाली, "सरपंचाच्या आईला सांगून तरी काय झालं होतं?" तिचेही खरेच आहे.

यंदा धाकट्या भावाला तोच दाखला काढायचा आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे असा दाखला ठरलेल्या मुदतीत द्यावा लागतो. अर्ज घेतल्याची पोच आणि मुदतीची तारीख लेखी द्यावी लागते. मुदत टळली तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे पाठ करून मी स्वतः गेले, म्हणजे अण्णांचा रोज बुडाला नाही. टेबलामागच्या माणसाने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले. पोच लिहून दिली, तारीख घातली, शिक्का मारला. पोच आईने देव्हाऱ्याच्या मागे जपून ठेवली आहे. तारखेला अजून नऊ दिवस आहेत.